चौदाव्या दिवसाची पिशवी

"मॅडम, हवाखाऊ पडला!"

हवालदाराचा आवाज इतका चढलेला होता, की इन्स्पेक्टरबाईंनी मोबाइल कानापासून वीतभर लांब धरला.

"पडला म्हणजे? गेला?"

"नाही, श्वास चालू आहे. हॉस्पिटलात नेलाय. पण इथे लोक खवळलेत. डॉक्टरने सुई टोचून मारलं म्हणतायत. दवाखान्याच्या काचा फोडल्या. डॉक्टर टेबलाखाली बसलेत."

"तिथेच राहू दे त्यांना. निघाले मी."

सकाळचे सव्वानऊ वाजले होते. बाईंनी अर्धा चहा तसाच टाकला आणि टोपी उचलली. गेले चौदा दिवस या तमाशाला बंदोबस्त पुरवून त्यांना वीट आला होता.

तमाशाच होता तो. सहा वर्षांपूर्वीपर्यंत दुकानात गाद्या विकणारा एक माणूस एके दिवशी उठला आणि लोकांना उपाशी राहायला शिकवू लागला. खाणं सोडा, रोग सुटेल, एवढंच त्याचं शास्त्र. साखर, रक्तदाब, सांधे, थायरॉइड, सगळ्यावर एकच उतारा. शिष्य त्याला 'सर' म्हणत आणि बाकीचा रस्ता 'हवाखाऊ'. त्याच रस्त्यावरच्या डॉक्टरांनी व्हिडिओ काढून त्याला भामटा म्हटलं. त्याने उलट व्हिडिओ काढून आव्हान दिलं. एकवीस दिवस नुसत्या पाण्यावर राहतो, तेही काचेआड, सगळ्यांदेखत. जमलं तर डॉक्टरांनी पाटी उतरवायची, नाही जमलं तर मी केंद्र बंद करीन. डॉक्टर हो म्हणाले. त्या दोघांना एकमेकांचा राग होता हे खरं, पण दोघांना कॅमेरा त्याहून जास्त आवडत होता.

रस्त्यावरचं फर्निचरचं शोरूम बरेच महिने बंद पडलं होतं. त्याच्या दर्शनी काचेमागे खाट, टेबल आणि खुर्ची मांडली. मागे दार लावता येईल असं बाथरूम होतं. पिण्याच्या पाण्याचे जार सीलबंद. काचेबाहेर दोन खुर्च्या, एक सरांच्या माणसासाठी आणि एक डॉक्टरांच्या. शेजारी फळ्यावर रोज आकडा लिहिला जाई. आज तिथे लिहिलं होतं : 'दिवस चौदावा. वजनात घट : दोन किलो आठशे ग्रॅम.'

बाई पोचल्या तेव्हा फळ्यापुढे चाळीसेक माणसं गळा काढून बसली होती. त्यातल्या निम्म्यांच्या हातात वडापावाचे नसले तरी कसले ना कसले कागदी पुडे होतेच. सर उपाशी, शिष्य तुपाशी, असा एकूण कारभार होता.

"कोण होतं पहाऱ्यावर?"

सरांच्या बाजूने एक निवृत्त हेडमास्तर पुढे आले. डॉक्टरांच्या बाजूने त्यांचा कंपाउंडर. हेडमास्तरांनी उभ्या आयुष्यात पोरांना विज्ञान शिकवलं होतं, हे त्यांनीच पहिल्या वाक्यात सांगितलं. बाईंना त्या पोरांची कीव आली.

"सकाळपासून काय काय झालं ते सांगा. क्रमाने."

"सातला मावशी आत गेल्या. गरम पाण्याची पिशवी ठेवली, चादर बदलली, टेबल पुसलं, बाहेर आल्या."

"कोण मावशी?"

"केंद्रावर सगळं बघतात त्या. सरांना थंडी वाजते ना, म्हणून सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला शेकायची पिशवी देतात. तासाभराने परत आणतात."

"पिशवी तपासता?"

"अर्थात!" हेडमास्तर ताठ झाले. "आम्ही दोघंही रोज हात लावून बघतो, गरम आहे की नाही ते."

"आणि आत काय आहे ते?"

हेडमास्तर आणि कंपाउंडर एकमेकांकडे बघू लागले. चौदा दिवस एकमेकांना पाण्यात पाहणाऱ्या त्या दोघांचं एवढ्या एका बाबतीत एकमत दिसलं.

"पहिल्या दिवशी बूच काढून बघितलं होतं," कंपाउंडर पुटपुटला. "पाणीच होतं."

"वा! पुढे?"

"मग सर बाथरूममध्ये गेले. पिशवी, डायरी आणि पेन घेऊन."

"बाथरूममध्ये डायरी?"

"चिंतन, मॅडम. सरांना विचार तिथेच सुचतात. सकाळ-संध्याकाळ न चुकता." हेडमास्तरांचा आवाज भक्तीने पातळ झाला. "साडेसातला हे डॉक्टर आले. चौदाव्या दिवशी एकदा रक्त घ्यायचं, फक्त मूत्रपिंडासाठी तपासायचं, असा लेखी करार होता. त्याच सुईतून काहीतरी सोडलं त्यांनी. सव्वाआठला सरांना दरदरून घाम फुटला. चेहरा कसा चमकत होता! साडेआठला ते काचेजवळ आले आणि काचेवर हात आपटू लागले."

"मग तुम्ही काय केलंत?"

"हात जोडले."

"काय?"

"आम्हाला वाटलं, समाधी लागली. आशीर्वाद देतायत. बाहेर दहाबारा जण होतो, सगळ्यांनीच हात जोडले. पावणेनऊला ते कोसळले."

 बाई आत गेल्या.

खोलीत बघण्यासारखं फार नव्हतं. खाटेवर स्वच्छ चादर. टेबलावर डायरी आणि एका पेल्यात दोन पेनं : एक साधं, बारीक, निळं, दुसरं जाड, करडं, टोपणावर तिळाएवढा लाल ठिपका असलेलं. बाईंनी हवालदाराला सगळं पिशवीत भरून सील करायला सांगितलं आणि बाथरूमचं दार ढकललं. बादली, मग, साबण. खुंटीला रबरी पिशवी टांगलेली. बाईंनी ती हातात घेतली. भरलेली होती आणि अजून कोमट होती. बूच काढून वास घेतला, ओंजळीत थोडं ओतून पाहिलं. पाणी. पिशवी जुनी होती, पण तिच्यावर कुठे खूण नव्हती की डाग नव्हता.

खुंटीखालून भिंतीवर मुंग्यांची रांग लागली होती. मुंग्या खुंटीपर्यंत चढत, तिथे घुटमळत आणि परत फिरत. बाईंनी त्या बराच वेळ बघितल्या.

बाहेर, केंद्राच्या दारात एक मोठी लाकडी पेटी होती. तिच्यावर 'विषाची पेटी' असं लिहिलं होतं. नव्या शिष्याने आपली औषधं तिच्यात टाकायची आणि टाळ्या वाजवायच्या, असा रिवाज. बाईंनी पेटी उघडायला लावली. गोळ्यांच्या पट्ट्या, बाटल्या, मलमं, दम्याचे पंप. खालपर्यंत उपसलं.

"हेडमास्तर, साखरेची किती माणसं आली तुमच्याकडे?"

"इन्शुलिन सोडलेले अकरा!"

"मग यात इन्शुलिन एकही नाही ते कसं?"

"ते सर स्वतः नष्ट करतात," हेडमास्तर अभिमानाने म्हणाले. "फार जहाल विष, मॅडम. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत."

*

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांना बोलायला वेळ नव्हता.

"शुद्धीवर येतील. आणले तेव्हा रक्तातली साखर चोवीस होती. आणखी अर्धा तास गेला असता तर संपलं होतं."

"उपासाने?"

"उपासाने एवढी खाली सहसा येत नाही. रक्तात इन्शुलिन भरमसाट आहे, आणि शरीराने स्वतः बनवलेलं नाही. तपासणीत ते वेगळं कळतं. बाहेरून टोचलंय."

"कुठे?"

"दंडावर रक्त घेतल्याचं एक ताजं भोक आहे. बाकी पोटावर बारीक बारीक लाल ठिपके आहेत. नर्स म्हणते ढेकूण चावले असतील. मी अजून नीट बघितलं नाही. येते मी."

म्हणजे डॉक्टरांचं अवघड झालं होतं. आत इन्शुलिन, दंडावर भोक, आणि भोक पाडणारा साऱ्या गावासमोर हवाखाऊला आडवं करायची भाषा करत फिरणारा. बाई दवाखान्यात गेल्या. डॉक्टर टेबलाखालून निघून टेबलामागे बसले होते आणि मोबाइलवर वकील शोधत होते. त्यांनी मान वर केली नाही. पेशंटशी बोलतानाही ते मान वर करत नाहीत, असा त्यांचा लौकिक होता.

"सुई तुम्ही टोचलीत?"

"मीच. साडेसातला. रक्त घेतलं, बस्स. तो माणूस मेला काय, जगला काय, मला फरक पडत नाही."

"हे वकिलासमोर बोलू नका. रक्त घेताना कसा होता तो?"

"गप्प. थोडा घाबराघुबरा. सारखा काचेबाहेर बघत होता. मला वाटलं, सुईला घाबरतो. हे उपाशी राहणारे वाघ सुईला फार घाबरतात."

"वजनाचं काय? चौदा दिवसांत पावणेतीन किलो."

"तेच तर बोंबलून सांगत होतो! पाण्यावरचा माणूस याच्या दुप्पट तरी उतरायला हवा. पण ऐकतंय कोण? मी एमडी आहे आणि लोक गादीवाल्याचं ऐकतात. अडाणी जमात."

"त्यांच्याशी बोलताना तुम्ही कधी वर बघता का, डॉक्टर?"

या प्रश्नाला डॉक्टरांनी वर बघितलं.

"रक्ताची नळी कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"कंपाउंडरने लॅबच्या फ्रीजमध्ये ठेवली असेल. का?"

"तुमची सुटका त्या नळीत आहे, आणि तुम्ही वकील शोधताय."

*

मावशी केंद्राच्या मागच्या खोलीत स्टोव्ह पुसत होत्या. पन्नाशीच्या, सडपातळ, हालचाल कमी आणि बोलणं त्याहून कमी. फळीवर डबे नीट ओळीने लावलेले. दोरीवर एक रबरी पिशवी उलटी सुकत टाकलेली. तिच्या मानेवर लाल ठिपका होता. किल्लीवरही होता आणि एका डब्याच्या झाकणावरही. फळीच्या टोकाला नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली होती. मावशींच्या नखांना मात्र कधी रंग लागलेला दिसत नव्हता.

"या ठिपक्यांचं काय?"

"एकसारख्या वस्तू असल्या की घोळ होतो. म्हणून खूण करते. घरी आजारपण होतं, तेव्हापासूनची सवय."

"कोणाचं आजारपण?"

"नवऱ्याचं. साखर होती. नऊ वर्षं. गेल्या वर्षी गेले."

"सरांचे शिष्य होते?"

"अकरा दिवस होते. बाराव्या दिवशी गेले. सर म्हणाले, त्यांनी चोरून खाल्लं असणार, म्हणून उपास बाधला."

"खाल्लं होतं?"

मावशींचा पुसायचा हात थांबला. "पावाचा एक तुकडा. मीच दिला होता. बघवेना मला."

"आणि तरी तुम्ही इथेच राहिलात?"

"माझ्या हातून घडलं ना? मग फेडायला नको?"

बाईंना राग आला. कोणाचा, ते त्यांना नेमकं ठरवता येईना, इतकी माणसं त्या रागाला पात्र होती. त्यांच्या स्वतःच्या घरी थोरले बंधुराज रोज सकाळी मोबाइलवर कडू पाल्याचे गुण पाठवत असत, ते आठवून त्यात भर पडली.

"दोन पिशव्या आहेत?"

"एक सरांची. एक माझी, गुडघ्यांसाठी."

"सरांच्या पिशवीत काय घालता?"

"शेकायला काय घालतात?"

"मी विचारतेय. आज काय होतं?"

"आज पाणी होतं," मावशी म्हणाल्या. त्यांनी बाईंच्या नजरेला नजर दिली. "बघितलंत ना तुम्ही."

"सरांनी काचेवर हात आपटले तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"काचेबाहेर. सगळ्यांबरोबर हात जोडून उभी होते."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी सर उशांना टेकून बसले होते. हाताला ग्लुकोजची नळी लावली होती. वॉर्डमधल्या माणसाने झाकलेलं ताट आणून बाजूच्या टेबलावर ठेवलं होतं, आणि सरांची नजर दर थोड्या वेळाने तिकडे जात होती. हेडमास्तर समोर असल्यामुळे हात जात नव्हता.

इन्स्पेक्टरबाईंनी दार लावून घेतलं. आत हेडमास्तर, डॉक्टर, मावशी आणि हवालदार होते.

"मला अटक बघायचीय," हेडमास्तर म्हणाले. ते डॉक्टरांकडे बोट रोखून बसले होते.

"बोट खाली घ्या, दुखेल. आधी नळीचं ऐका. साडेसातला डॉक्टरांनी रक्त घेतलं. ते मी काल लॅबमधून तपासून घेतलं. त्या रक्तात बाहेरचं इन्शुलिन आधीच होतं. सुई आत गेली आणि रक्त बाहेर आलं, तेव्हाच होतं. म्हणजे ते साडेसातच्या आधी कोणीतरी टोचलं होतं. डॉक्टर सुटले."

डॉक्टरांनी मोबाइल खिशात ठेवला. हेडमास्तरांचं बोट क्षणभर हवेत राहिलं, मग ते मावशींकडे वळलं.

"सातला तर हिच्याशिवाय आत कोणी—"

"मावशी खाटेजवळ होत्या तेव्हा सर खुर्चीवर होते. तुम्ही आणि कंपाउंडर दोघं डोळ्यांत तेल घालून बघत होता, तुमचाच जबाब आहे. मावशींनी सरांना हातही लावला नाही. मग उरलं कोण?"

हेडमास्तरांचं बोट पुढचा माणूस शोधत खोलीभर फिरलं.

"सर स्वतः," बाई म्हणाल्या. "पिशवी, डायरी आणि पेन घेऊन बाथरूममध्ये गेलेले सर. हवालदार, द्या इकडे."

हवालदाराने करडं, जाड पेन पुढे केलं. बाईंनी टोपण काढलं. आत निब नव्हती. केसाएवढी सुई होती.

"इन्शुलिनचं पेन. मी डायरीही वाचली. चौदा दिवसांचं चिंतन नऊ ओळी, आणि त्या सगळ्या निळ्या पेनाच्या. मग हे दुसरं दिवसातून दोनदा बाथरूममध्ये कशाला जात होतं? डॉक्टरीणबाईंनी काल पोटावरचे ठिपके नीट बघितले. ढेकूण नाही चावले. सरांना साखर आहे, चांगली सात-आठ वर्षांची."

हेडमास्तर सरांकडे बघत राहिले. सर नळीतले थेंब मोजत असल्यासारखे वर बघत होते.

"पण मॅडम," हेडमास्तर चाचरत म्हणाले, "ज्याच्या पोटात अन्नच नाही, तो इन्शुलिन कशाला घेईल?"

"शाबास. निवृत्तीनंतर का होईना, एक प्रश्न बरोबर विचारलात. नाहीच घेणार. घेतलं, त्या अर्थी पोटात अन्न जात होतं. नाहीतर वजन पावणेतीन किलोवर अडलं नसतं. आणि ज्या खोलीत चौदा दिवस अन्नाचा कण नाही, तिथल्या खुंटीवर मुंग्या कशाला चढल्या? पिशवीच्या बुचातून गळलेलं चाटायला. तुम्ही रोज हात लावून पिशवी गरम आहे की नाही ते बघत होता. गरम असायचीच. दूधही गरम असतं."

"दूध?"

"साखर आणि अंडं घालून, घट्ट. केंद्रात सुकत टाकलेल्या पिशवीच्या तळाशी अजून चिकटलंय. रबराचा वास येत असणार, पण तपश्चर्या म्हटली की थोडं सोसावं लागतं."

कंपाउंडर तिथे असता तर हसला असता. डॉक्टर हसले, मात्र बाईंनी बघितल्यावर थांबले.

"रोजचा क्रम ठरलेला. पिशवी आली की बाथरूम. आधी सुई, मग थोडं थांबून दूध. काल सुई घेतली, बूच काढलं, आणि आत निघालं पाणी. सुई तर परत काढता येत नाही. सर बाहेर आले. डॉक्टर समोर बसले होते, रक्त घेत होते. त्यांना सांगता आलं असतं. साडेआठला काचेपलीकडे दहाबारा माणसं होती, त्यांना सांगता आलं असतं. दोन चमचे साखर मागायची होती. अब्रूपायी ती मागवेना, आणि जेव्हा हात आपटायची वेळ आली तेव्हा तुम्ही लोकांनी हात जोडले."

"पण दुधाचं पाणी कोणी केलं?" हेडमास्तर म्हणाले. त्यांचा आवाज आता शाळेतल्या पोरासारखा झाला होता.

"सरांच्या पिशवीवर लाल ठिपका असतो. काल बाथरूममध्ये मिळाली ती बिनठिपक्याची. गुडघे शेकायची." बाईंनी पेनाचं टोपण सगळ्यांना दिसेल असं धरलं. "आणि या टोपणावर बघा. त्याच रंगाचा ठिपका. मावशी, हे पेन सरांचं नाही ना?"

"माझ्या नवऱ्याचं आहे," मावशी म्हणाल्या.

त्या उभ्याच होत्या. बोलल्या त्या सरांकडे न बघता, काल काय बाजारहाट केला ते सांगावं तशा.

"त्यांची दोन पेनं होती. सकाळचं आणि रात्रीचं. घोळ होऊ नये म्हणून सकाळच्यावर मी ठिपका दिला होता. इथे आलो त्या दिवशी त्यांनी दोन्ही विषाच्या पेटीत टाकली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या." त्यांनी पदर सारखा केला. "सर दुधाला अर्क म्हणायचे. अन्न नाही, अर्क आहे, कोणाला सांगू नको, लोकांना कळणार नाही. मी ऐकलं. या उपासाच्या बाराव्या दिवशी टेबल पुसताना पेल्यातलं हे पेन पहिल्यांदा हातात आलं. आधी वाटलं, दुसरं कोणाचं असेल. मग ठिपका बघितला. टोपण काढलं तर आत नवी कुपी."

"पेटीतल्या अकरा जणांच्या कुप्या," बाई म्हणाल्या. "विष नष्ट करायची सरांची पद्धत."

"दोन दिवस विचार केला. माझ्या माणसाला म्हणाले, सुई म्हणजे मरण. आणि त्याचीच सुई स्वतःला टोचून घेत होते. तो गेला तर म्हणाले, चोरून खाल्लं. आणि ह्यांना स्वतःला मी रोज दोन वेळा चोरून खायला नेऊन देत होते." मावशींचा आवाज पहिल्यांदा वर गेला. "सुई घेतली की पंधरा मिनिटांत खायला हवं. हे मला नऊ वर्षं पाठ आहे. घड्याळ बघून वाढलंय मी. काल काय होणार ते मला माहीत होतं."

"म्हणजे कबूल आहे?"

"काय कबूल करू? मी काही घातलं नाही, काही टोचलं नाही. ते सगळ्या गावाला सांगत होते ना, मी उपाशी आहे म्हणून? मी त्यांना एक दिवस उपाशी राहू दिलं."

सरांना वाचा फुटली. "हिने मला मारायला बघितलं! मला रोजचं—"

ते थांबले.

"बोला ना," बाई म्हणाल्या. "रोजचं काय? काय नाही दिलं तुम्हाला?"

सर हेडमास्तरांकडे बघू लागले आणि हेडमास्तर जमिनीकडे.

बाईंनी फाइलमधून एक कागद काढून पांघरुणावर ठेवला. "ही तुमची तक्रार. मी मधुमेही आहे, रोज दोन वेळा इन्शुलिन घेतो, त्यावर दूध आणि अंडी खातो, चौदाव्या दिवशी मला ती न दिल्यामुळे जिवाला धोका झाला. खाली सही करा. तुमच्या या सहीवर मी मावशींना आत्ता घेऊन जाते, मला त्यात आनंद नसला तरी. उद्या हा कागद कोर्टात मोठ्याने वाचला जाईल. हे घ्या पेन."

त्यांनी लाल ठिपक्याचं पेन पुढे केलं. मग चूक लक्षात आल्यासारखं करून खिशातलं दुसरं काढून दिलं.

सरांनी तेही घेतलं नाही. मिनिटभर वाट बघून बाईंनी कागद उचलला.

"ठीक आहे. पण दुसराही एक कागद आहे, तो मावशींचा. त्यांच्या नवऱ्याला औषध सोडायला लावलं, त्याचा जीव गेला, आणि त्याचं औषध तुम्ही ठेवून घेतलं. बाकीच्या दहा घरांतही मी आज माणूस पाठवलाय. त्यावर तुमची सही लागत नाही."

हेडमास्तर उठले. ते दारापर्यंत गेले आणि तिथेच भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांची रक्तदाबाची गोळी पेटीत पडून दीड महिना झाला होता.

डॉक्टरांनी खिशातला मोबाइल पुन्हा बाहेर काढला होता. चेहऱ्यावर जिंकल्याचा तजेला होता. व्हिडिओत काय काय बोलायचं, त्याची जुळवाजुळव चालली असावी.

"डॉक्टर," मावशी म्हणाल्या, "एक विचारू?"

"हं."

"तो पावाचा तुकडा. मी दिला, म्हणून गेले का ते?"

डॉक्टरांचं बोट मोबाइलवर थांबलं.

"आम्ही आलो होतो तुमच्याकडे," मावशी सांगू लागल्या. "नवव्या दिवशी. त्यांना उलट्या होत होत्या, श्वास जड झाला होता. मी रिक्षाने आणलं. तुम्ही खाली बघूनच म्हणालात, आता त्या हवाखाऊकडेच जा, माझ्या दारात यायचं नाही. मी परत नेलं. वाटेत त्यांनी काहीतरी खायला मागितलं. रिक्षात पाव होता."

डॉक्टरांचा तजेला उतरला. त्यांनी मान वर केली आणि मावशींच्या तोंडाकडे बघितलं. कदाचित ते त्यांना पहिल्यांदाच बघत होते. इन्स्पेक्टरबाईंनी त्यांना मदत केली नाही.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "पावामुळे नाही. इन्शुलिन बंद केलं, त्यामुळे गेले. नवव्या दिवशी आत घेतलं असतं तर..." त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. मग म्हणाले, "वाचले असते. मी परत पाठवायला नको होतं."

"पुन्हा सांगा. मोठ्याने. ह्यांना ऐकू जाऊ दे."

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं, मोठ्याने, शब्द न गाळता. सरांनी तोंड फिरवलं.

मावशी स्टुलावर बसल्या, पदर तोंडाशी धरला आणि नवऱ्यासाठी रडल्या. वर्षभर त्यांनी स्वतःला तेवढीही मुभा दिली नव्हती. इन्स्पेक्टरबाई त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मागे ताटावरचं झाकण सरकल्याचा आवाज सगळ्यांना स्पष्ट ऐकू आला, आणि त्यामागोमाग चमच्याचा. सर जेवायला लागले होते.